विश्वासू हातांची नावे

थडग्यावरचा लेख हाही साहित्याचा एक प्रकार आहे, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, चरित्राची होते. दफनभूमीतील दगडावर कोरलेल्या चार ओळींची समीक्षा करावी, असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक ज्या घरात कोणी कधी हौसेने लेखणी हाती धरली नाही, त्या घरालाही आयुष्यात एकदोनदा हा लेख लिहावाच लागतो. तो लिहिताना शब्द मोजावे लागतात. काय सांगावे आणि काय गाळावे, याचा निर्णय करावा लागतो. आणि एकदा दगडावर छिन्नी चालली की त्याची सुधारित आवृत्ती निघत नाही. थोडक्यात लिहिणे, निवडून लिहिणे आणि कायमचे लिहिणे या तिन्ही कसोट्या ज्या लेखनाला लागतात, त्याची चिकित्सा करण्यात काही वावगे नाही, असे आम्हांला वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही अशा दोन मृत्युलेखांचा विचार करणार आहोत. दोन्ही एकाच माणसाचे आहेत. एक आफ्रिकेच्या अंतर्भागात झाडाच्या खोडावर कोरला गेला; दुसरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या प्राचीन मंदिरात फरशीच्या दगडावर आहे. ज्याच्या स्मरणार्थ ते कोरले गेले तो माणूस म्हणजे मिशनरी आणि प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबाऱ्यासारख्या लहान गावी बसून आफ्रिकेतील झाडाची आणि लंडनमधील दगडाची उठाठेव आम्ही का करावी, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे, की झाडावरचा लेख कोरणारा हात आपल्या नाशिकला घडला होता. ज्या नाशिक धर्मप्रांतात आमचा नंदुरबार जिल्हा मोडतो, त्याच नाशिक शहराच्या कडेला तो हात अक्षर गिरवायला शिकला. या गोष्टीची आठवण आपल्या ख्रिस्ती घरांत फारशी उरलेली नाही. ती जागी व्हावी आणि तिच्या निमित्ताने आपल्या दफनभूमींकडे नव्याने पाहिले जावे, एवढाच आमचा हेतू.

नाशिकच्या शरणपूर भागातून आजही आपण जातो-येतो. पण त्या नावाचा अर्थ लक्षात घेत नाही. शरण आलेल्यांचे पूर, म्हणून शरणपूर. अँग्लिकन ख्रिस्तसभेच्या चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४च्या सुमारास ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून गलबतांतून अरबस्तानाकडे विकायला नेत असत. ब्रिटिश आरमार अशी गलबते अडवी आणि सुटका झालेली मुले मुंबईला उतरवी. त्यांतील अनेकांना शरणपूरला आणून आसरा दिला गेला. तेथे त्यांनी लिहायला-वाचायला शिकावे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकावे, प्रार्थना शिकावी आणि पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी योजना होती. इंग्रजी ग्रंथांत त्यांना ‘नाशिकची मुले’ असेच नाव पडले. गोदावरीच्या काठचे हे नाव आफ्रिकेच्या इतिहासात असे कायमचे जाऊन बसले आहे.

१८६५ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन मुंबईला आले असता त्यांनी आपल्या शेवटच्या प्रवासासाठी शरणपूरचे नऊ तरुण निवडले. त्यांच्याबरोबर चुमा नावाचा तरुणही निघाला. त्याला लिव्हिंग्स्टन यांनीच पूर्वी गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते. पुढे १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी नवी तुकडी पाठवण्यात आली. तीत आणखी काही शरणपूरकर होते. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार ही आणखी दोन नावे. वेनराइट, वेलिंग्टन ही नावे त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नव्हेत, हे सांगायला नको. आईने हाक मारलेले नाव गुलामांच्या बाजारात हरवले आणि मिशनच्या नोंदवहीत दुसरे लिहिले गेले. आमच्या विषयाशी या गोष्टीचा संबंध आहे. ज्याचे स्वतःचे नाव एकदा पुसले गेले, त्याच्याच हाती पुढे इतरांची नावे कोरण्याचे काम आले.

१ मे १८७३ रोजी पहाटे, बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी, लिव्हिंग्स्टन आपल्या झोपडीत बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. आता बरोबरच्या साठेक माणसांनी काय करावे? समुद्रकिनारा हजार मैलांहून दूर. मृतदेह घेऊन जाणे धोक्याचे, कारण वाटेतील गावे ते अशुभ मानीत. मालक मेल्यावर मजुरीची शाश्वती नाही. सामान वाटून घेऊन पांगणे हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि त्यांना कोणी विचारणारे नव्हते. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी देह किनाऱ्यावर नेण्याचे ठरवले. हृदय आणि आतडी काढून ती पत्र्याच्या पेटीत घालून एका मोठ्या झाडाखाली पुरली. देह मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवला. मग कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या जाड कापडात गुंडाळून खांद्यावर घेतला. झाडाखालच्या त्या दफनाच्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने. आणि त्यानेच झाडाच्या खोडावर लेख कोरला.

तो लेख असा आहे: पहिल्या ओळीत डॉ. लिव्हिंग्स्टन हे नाव. त्याखाली ४ मे १८७३ ही तारीख. त्याखाली एकाखाली एक तीन नावे, याझुझा, म्नियासेरे, व्चोपेरे. बस्स. विशेषण नाही, पदवी म्हणावी तर ‘डॉक्टर’ हे एकच अक्षर, बायबलचे वचन नाही, शोक नाही. ग्रंथांत मृत्यूची तारीख १ मे दिली जाते आणि झाडावर ४ मे आहे. जंगलातील मुक्कामात दिवस मोजण्यात असे अंतर पडणे समजण्यासारखे आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती खालची तीन नावे. म्नियासेरे म्हणजे मन्वा सेरा आणि व्चोपेरे म्हणजे चोवपेरे. दोघेही त्या तांड्यातील जबाबदारीची माणसे. कानाला जसे ऐकू आले तसे जेकबने रोमन अक्षरांत उतरवले. स्पेलिंग शुद्ध नाही, पण माणसे खरी आहेत.

समीक्षकाने येथे थांबून विचार करावा. कोणाच्याही थडग्यावर मृताच्या नावाखाली त्याला पुरणाऱ्यांची नावे आपण कधी पाहिली आहेत काय? जेकबने ती घातली. सुशिक्षित जगाचा मृत्युलेखाचा नमुना त्याच्यासमोर असता, तर कदाचित त्याने घातली नसती. त्याच्या मनाला मात्र असे वाटले असावे, की हा माणूस येथे एकटा मेला नाही. त्याच्याजवळ माणसे होती आणि ती कोण होती हे येणाऱ्याला कळले पाहिजे. आणखी एक गोष्ट अशी, की त्या तीन नावांत जेकब हे नाव नाही. छिन्नी ज्याच्या हाती, त्याने स्वतःला गाळले आणि जे स्वतःचे नाव लिहू शकत नव्हते त्यांना जागा दिली. लेखकाचा विनय म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

या स्मारकाचे आणखी एक अंग होते. झाडाजवळ त्यांनी दोन जाड खांब उभे केले, वर आडवे लाकूड टाकले, दाराच्या चौकटीसारखे, आणि त्यांना डांबर फासले. मग चितांबोला विनंती केली, की झाडाभोवतीचे गवत वेळोवेळी काढत जावे, म्हणजे वणव्यात झाड जळणार नाही. चितांबोने तसे वचन दिले. सागाच्या जंगलात राहणाऱ्या आमच्या लोकांना या विनंतीचे मोल निराळे सांगायला नको. फाल्गुन-चैत्रात वणवा कसा पसरतो ते ते जाणतात. अक्षर कोरले की स्मारक संपत नाही. त्याला राखणारा लागतो. शरणपूरच्या त्या मुलाने व त्याच्या सोबत्यांनी लेख, खूण आणि राखणदार या तिन्हींची तजवीज करूनच मग खांद्यावर ओझे घेतले. पुढे ते झाड कुजत चालले, तेव्हा १८९९ मध्ये लेख असलेला खोडाचा भाग कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे पाठवण्यात आला आणि १९०२ मध्ये त्या जागी क्रूस असलेला स्तंभ उभारला गेला. ती जागा आज झांबिया देशात आहे.

त्यानंतरचा नऊ महिन्यांचा प्रवास स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. वाटेत आजार होता, मारामाऱ्या होत्या, सोबत्यांचे मृत्यू होते. उन्यान्येंबे येथे त्यांना लेफ्टनंट कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्याची तुकडी भेटली. देह येथेच पुरावा, पुढे नेऊ नये, असा सल्ला कॅमेरूनने दिला. ज्यांना ‘नोकर’ म्हणत त्या माणसांनी तो सल्ला मानला नाही. पुढे एका गावाने वाट अडवली, तेव्हा त्यांनी देह परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्याच्या रूपात गुपचूप पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले.

येथे आपल्या कॅथलिक वाचकांसाठी एक उल्लेख करणे अगत्याचे आहे. बागामोयो येथे होली घोस्ट फादर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या संन्यस्तांचे मिशन १८६८ पासून होते. गुलामगिरीतून सोडवलेल्यांसाठी त्यांनी तेथे ख्रिस्ती गाव वसवले होते; म्हणजे शरणपूरचेच दुसरे भावंड म्हणायचे. त्या कॅथलिक मिशनच्या देवळात लिव्हिंग्स्टन यांचा देह एक रात्र ठेवला गेला. प्रॉटेस्टंट मिशनरीचा देह, तो वाहून आणणाऱ्यांत शरणपूरच्या अँग्लिकन शाळेची मुले आणि मुसलमान हमाल, आणि दार उघडणारे कॅथलिक धर्मगुरू. ख्रिस्ती ऐक्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नव्वद वर्षांनंतर जे लिहिले, त्याचा एक लहानसा पाठ त्या रात्री बागामोयोला वाचला गेला.

किनाऱ्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला. बहुतेक माणसांना मजुरी देऊन निरोप देण्यात आला. देहाबरोबर आगबोटीने इंग्लंडला गेला तो एकटा जेकब वेनराइट. लंडनमध्ये डॉक्टरांनी देह ओळखला तो दंडाच्या हाडावरून. तरुणपणी सिंहाने केलेल्या हल्ल्यात ते मोडले होते. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शवपेटीवरील वस्त्राची टोके धरणारे आठ जण होते. त्यांत प्रसिद्ध प्रवासी स्टॅन्ली होता, तसाच शरणपूरचा जेकबही होता.

आता त्या दगडाकडे वळू. ॲबी हे इंग्लंडचे राष्ट्रीय देवस्थान. तीन हजारांहून अधिक माणसे तेथे पुरलेली आहेत, राजे आहेत, कवी आहेत, शास्त्रज्ञ आहेत. मुख्य दालनाच्या मध्यभागी लिव्हिंग्स्टन यांचा दगड आहे. त्याची सुरुवात मोठी अर्थपूर्ण आहे. विश्वासू हातांनी भूमीवरून आणि समुद्रावरून आणलेला डेव्हिड लिव्हिंग्स्टन येथे विसावला आहे, अशा आशयाने तो लेख उघडतो. मृताच्या नावाआधी वाहून आणणाऱ्यांचा उल्लेख! ज्याने हे वाक्य रचले त्याला मनापासून दाद दिली पाहिजे. इंग्लंडच्या त्या मंदिरात, त्या काळी, आफ्रिकी हमालांच्या श्रमाने सुरू होणारा लेख कोरला जावा ही सामान्य गोष्ट नाही. पुढे मिशनरी, प्रवासी, परोपकारी अशी तीन विशेषणे. जन्म-मृत्यूचे दिवस आणि स्थळे. तीस वर्षांच्या कार्याचे वर्णन. आणि गुलामांचा व्यापार नाहीसा करायला जो कोणी साह्य करील, मग तो अमेरिकन असो, इंग्रज असो वा तुर्क, त्याच्यावर स्वर्गाचा आशीर्वाद उतरो, अशा आशयाचे लिव्हिंग्स्टन यांचे स्वतःचे शब्द. एका कडेला नद्यांच्या उगमाची ओढ सांगणाऱ्या लुकान या रोमन कवीच्या लॅटिन ओळी. दुसऱ्या कडेला योहानाच्या शुभवर्तमानातील, ह्या मेंढवाड्यात नसलेल्या दुसऱ्या मेंढरांविषयीचे प्रभूचे वचन (योहान १०:१६).

रचना म्हणून हा लेख भारदस्त आहे. तरी आमचे त्यावर दोन आक्षेप आहेत.

पहिला असा. लेख ‘हात’ म्हणतो आणि तेथेच थांबतो. हातांना मनगटाच्या वर माणूस असतो. त्या माणसाला नाव असते. नावे माहीत नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. त्यांतील एक जण दफनाच्या दिवशी पेटीचे वस्त्र धरून तेथेच उभा होता. चुमा आणि त्याचा सोबती सुसी हे दोघे त्याच वर्षी इंग्लंडला आले आणि लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या दैनंदिनीच्या संपादकांना त्यांनी सर्व हकीकत सांगितली. त्यांच्या तोंडच्या माहितीवर त्या ग्रंथाचा शेवट उभा आहे. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तर या माणसांसाठी सुमारे साठ चांदीची पदके पाडली. शेवटपर्यंत विश्वासू, अशा अर्थाचे शब्द त्यांवर होते आणि प्रत्येकाचे नाव पदकाच्या कडेवर कोरलेले होते. म्हणजे नावांची यादी तयार होती. ती पदकांच्या कडेवर गेली. मंदिराच्या दगडावर आली नाही. दगडावर जागा नव्हती, असाही बचाव करता येणार नाही. जेथे लॅटिन कवीसाठी एक कड राखता आली, तेथे चुमा, सुसी, जेकब ही तीन लहान नावे मावली नसती काय?

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. त्या दगडावर आफ्रिकेची माणसे दोनदा येतात: एकदा ‘हात’ म्हणून आणि एकदा ज्यांना सुवार्ता सांगायची त्या ‘जाती’ म्हणून. एकदा ती साधन आहेत, दुसऱ्यांदा कार्याचा विषय. स्वतः विश्वास धरणारी, निर्णय घेणारी, साहेबाचा सल्ला नाकारणारी माणसे म्हणून ती कोठेच येत नाहीत. शेजारी कोरलेले मेंढरांचे वचन वाचले म्हणजे हे अधिकच जाणवते. त्या वचनात मेंढपाळ दुसऱ्या मेंढरांना आणतो. चितांबोच्या गावी घडले ते उलट. तेथे मेंढरांनीच मेंढपाळाला खांद्यावर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचवले. सुवार्ता ज्यांना ‘सांगायची’ होती त्यांनी ती करून दाखवली होती. लेख लिहिणाऱ्याला ते पुरते दिसले नाही.

ही कसोटी आम्ही आजच्या काळातून मागे नेऊन लादत आहोत, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ही कसोटी शुभवर्तमानाची आहे. प्रभूचा क्रूस ज्याने काही अंतर वाहिला त्याला मार्क नुसता ‘एक वाटसरू’ म्हणत नाही. तो त्याचे नाव सांगतो, शिमोन. गाव सांगतो, कुरेने. एवढेच नव्हे तर त्याच्या मुलांची नावेही सांगतो, अलेक्झांडर आणि रूफ (मार्क १५:२१). हे कुरेने आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या लिबियात होते, हेही ध्यानात घ्यावे. प्रभूचा देह ज्यांनी खाली उतरवून कबरेत ठेवला त्यांची नावे योहानाने लिहून ठेवली आहेत: अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम (योहान १९:३८-४२). कबरेसमोर बसलेल्या स्त्रियांचीही नावे आहेत. ख्रिस्ती परंपरेतील पहिला मृत्युलेख जर कोठे असेल तर तो येथे आहे, आणि त्यात वाहणाऱ्यांची नावे आहेत. मिस्साबलिदानातील पहिल्या महाप्रार्थनेत मृतांसाठी विनंती करताना धर्मगुरू नावे घेतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर आपल्या मंदिरात ज्यांना कोणी वारस नाही त्यांना स्मारक आणि नाव देण्याचे वचन देतो (यशया ५६:५). मंदिरात दगड बसवणाऱ्यांना हे वचन दिशा दाखवायला पुरेसे होते.

म्हणून आमचा निर्णय असा: साहित्य म्हणून लंडनचा दगड अधिक घडवलेला आहे, शुभवर्तमानाच्या निकट मात्र शरणपूरच्या मुलाने कोरलेले झाड आहे.

समीक्षा येथे संपवता आली असती. परंतु परक्या मंदिरातील दगडाचे दोष काढून आपल्या अंगणाकडे न पाहणे बरे नव्हे. २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या दिनी, आपण आपापल्या दफनभूमीत जातो. गवत काढतो, कबरींना चुना लावतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्या दिवशी वाचकांनी तेथील लेख समीक्षकाच्या नजरेने वाचावेत, अशी आमची विनंती आहे. काय दिसते?

आपल्या अनेक ठिकाणच्या स्मारकशिलांवर आणि कोनशिलांवर ‘यांच्या शुभहस्ते’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. लंडनच्या दगडावर हात होते, नावे नव्हती. आपल्याकडे हातांना नावे आहेत, परंतु ते हात पडदा बाजूला सारण्यापुरते आले होते. ज्यांनी पाया खणला, दगड वाहिले, डोक्यावरून पाणी आणले, ते हात आपल्याही शिलेवर नाहीत. दूरदेशीच्या मिशनरीच्या कबरीवर त्याचा जन्म, दीक्षा आणि मृत्यू यांच्या तारखा असतात, आणि त्या असाव्यातच. पण त्याच्यापुढे डोंगरवाट चालणारा, त्याला भाषा शिकवणारा, पावसाळ्यात तो तापाने पडला असता प्रार्थना चालवणारा जो स्थानिक धर्मशिक्षक, त्याची कबर शेजारीच निनावी असते.

आमच्या नवापूर तालुक्यातील गोष्ट आणखी निराळी आहे. येथे पाऊस फार. गरिबाच्या कबरीवर लाकडी क्रूस असतो आणि त्यावर रंगाने नाव लिहिलेले असते. दोन-तीन पावसाळ्यांत रंग धुऊन जातो, वाळवी लाकूड खाते आणि मग ती जागा कोणाची हे फक्त म्हाताऱ्यांना सांगता येते. दिवाळीनंतर येथली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. तेथे एखाद्याला मरण आले तर सोबती पैसे गोळा करून, वाहन मिळवून, रातोरात त्याला आपल्या मातीत आणतात. हेच ते विश्वासू हात. चितांबोच्या गावापासून बागामोयोपर्यंतची वाट आमच्या लोकांना परकी नाही. परंतु त्यांची आठवण कोणत्या दगडावर आहे?

आणि स्मारकाची कल्पना येथे मिशनऱ्यांबरोबर आली, असेही कोणी समजू नये. सातपुड्यात, डांगात आणि लगतच्या गुजरातच्या आदिवासी भागांत मृतांसाठी दगड किंवा कोरलेला लाकडी खांब उभारण्याची जुनी रीत आहे. त्यावर घोड्यावर बसलेली आकृती असते, वर सूर्य-चंद्र असतात. अक्षर नसले तरी गावाला ते वाचता येते. ज्या समाजाला खांब वाचता येतो त्याच्या दफनभूमीत केवळ इंग्रजी अक्षरांतले संक्षेप असावेत, हे योग्य नव्हे. मावची बोलणाऱ्या आजीच्या कबरीवर एक ओळ मावचीत, देवनागरी लिपीत, का असू नये? तिची नातवंडे ती वाचतील आणि ती वाचताना त्यांना आजीचा आवाज ऐकू येईल.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ११८२वा नियम दफनानंतर मृतांच्या नोंदवहीत नोंद करण्यास सांगतो. ती नोंद नीट, पूर्ण नावाने, गावासह व्हावी. कबरींना क्रमांक द्यावेत आणि तोच क्रमांक वहीत असावा. लाकडी क्रूस गेला तरी माणूस हरवणार नाही. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या दफनभूमीच्या भिंतीवर एक साधी शिला बसवावी आणि तीवर जुन्या धर्मशिक्षकांची, सुईणींची, खड्डा खणणाऱ्यांची, देऊळ बांधताना राबलेल्यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून कोरावीत. अनावरण कोणी केले हे त्या शिलेवर लिहू नये. आणि चितांबोला जशी गवत काढण्याची जबाबदारी दिली गेली, तशी ती आपल्या तरुण मंडळाला द्यावी. वर्षातून एकदा नव्हे, वणव्याच्या आधी आणि पावसानंतर अशी दोनदा.

शरणपूरच्या त्या मुलांचे पुढे काय झाले, हे सांगून लेखणी आवरती घेतो. १८७४-७५ मध्ये प्राइस यांच्याबरोबर शरणपूरचे अनेक आफ्रिकी ख्रिस्ती मोंबासाला गेले आणि तेथे सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाऊन ही वसाहत उभी राहिली. चुमा १८८२ मध्ये झांझिबारला वारला. सुसीने १८८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि डेव्हिड हे नाव धारण केले. जेकब वेनराइट आफ्रिकेला परतला आणि १८९२ मध्ये तेथेच मरण पावला. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत जगला. त्या तांड्यातला तो अखेरचा साक्षी. नाशिकला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी शरणपूर रस्त्यावरून जाताना ही चार नावे एकदा मनात घ्यावीत आणि त्यांच्यासाठी ‘हे प्रभो, त्यांना सार्वकालिक विश्रांती दे’ ही प्रार्थना म्हणावी.